क्रिस्पिनच्या थर्मासमधला पाला

सुनिल्दाबद्दल सांगायचं तर आधीच कबूल करते, मला ती कधी आवडली नाही. आजही आवडत नाही. तेव्हा मी तिच्याबद्दल जे वाईट बोलेन ते थोडं कमी करून ऐका. चांगलं मात्र जसंच्या तसं घ्या, कारण तिचं चांगलं सांगताना माझ्या जिवावर येतं. तरीही माझ्या तोंडून निघालं म्हणजे ते खरंच असणार.

आमच्या कोरोनेल ओव्हिएदो गावात न्या पेर्ला या मालकीणबाईंचा शिवणकारखाना आहे. शाळेचे गणवेश शिवतात. चौदा मशिनी, एक लांबलचक कापायचं टेबल, दोन पंखे, त्यातला एक चालणारा. मी तिथे बटणं लावायला म्हणून लागले आणि चढत चढत सुपरवायझर झाले. खुर्ची माझी दाराजवळ, उंच, लाल रेक्झिनची. तिथे बसलं की कुणाची सुई तुटली, कोण उगाच पाणी प्यायला उठलं, सगळं दिसायचं. पोरी मला ‘न्या ब्लासिदा’ म्हणायच्या, आणि ते मानाचं ‘न्या’ मी कमावलेलं होतं, वयानं फुकट मिळालेलं नव्हतं. तेव्हा मी होते फक्त अडतीसची.

सुनिल्दा आली ती जूनमध्ये, आमच्याकडे तेव्हा ऐन थंडी. काजाच्या मशिनीवर बाई हवी होती. काज म्हणजे बटणाचं भोक. दिसायला सोपं, पण हात हलला की अख्खा शर्ट वाया. तिला मी नमुन्याला एक पट्टी दिली. हिनं चष्मा नाही लावला, माप नाही घेतलं, गुणगुणत आठ काजं घातली आणि गळ्यात कात्री लटकत असताना दोरा दातानं तोडला. मी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. एक टाका वाकडा सापडेल तर शपथ.

“कुठे शिकलीस?” मी विचारलं.

“नवऱ्याच्या शर्टांवर, न्या ब्लासिदा. तो गेला, हात राहिला,” असं म्हणून ती खदाखदा हसली.

नवरा गेला म्हणजे ब्वेनोस आयर्सला गेला, बांधकामावर. पहिल्या वर्षी दोन पार्सलं आली, मग फोन, मग फोनही नाही. कुणाकडून तरी कळलं की तिकडे त्याला दुसरं मूल झालंय. ही रडली असेल तर घरी रडली असेल. कारखान्यात कधी डोळा ओला दिसला नाही. चौतिसाव्या वर्षी अशी बाई हसतेच कशी, हे मला पहिल्या दिवसापासून खुपायचं.

दुसरी खोड म्हणजे पाला. तिची आई गावाकडे औषधी पाल्याची जाणकार. सुनिल्दा रोज सकाळी पिशवीत एक छोटा लाकडी खल आणि चार जुड्या घेऊन यायची. दहा वाजता मशिनी थांबल्या की आमचं तेरेरे सुरू होतं, बर्फाच्या पाण्यातला पानांचा चहा, त्याशिवाय आमच्याकडे माणूस दुपार गाठत नाही. तर त्या पाण्यात कुणाला काय कुटून घालायचं ते ही ठरवायची. ओव्हरलॉकवालीचं डोकं दुखतंय, हे घे. पॅकिंगच्या पोरीला पाळीचा त्रास, हे घे. कुणाला काय झालंय ते थर्मासचं झाकण उघडलं की हिला कळायचं, आणि ह्या कानाचं त्या कानाला जायचं नाही. मला कधी काही दिलं नाही. मी मागितलंही नाही म्हणा.

आता माझी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कापायच्या टेबलावर क्रिस्पिन होता. ऐंशी-ऐंशी थरांचं कापड विजेच्या कटरनं असं कापायचा की खालचा थर आणि वरचा थर जुळे वाटावेत. कानावर खडू, तोंडात शब्द नाही. त्या माणसाचं आणि माझं तीन वर्षं चाललं होतं, आणि हे मी, तो आणि माझ्या आळीतली कुत्री सोडून कुणाला माहीत नव्हतं. दर रविवारी तो माझ्याकडे नळ दुरुस्त करायला यायचा. शेजाऱ्यांना तसंच सांगितलं होतं. तीन वर्षं एकच नळ.

लपवायचं कारण भिंतीवर लावलेलं होतं. आमच्याआधी कारखान्यात एक जोडपं जमलं होतं, इस्त्रीवाला आणि कॉलरवाली. ऐन हंगामात त्यांचं फाटलं, एकमेकांशी बोलेनात, आणि दहा नंबरच्या तीनशे शर्टांना चौदा नंबरच्या कॉलरी लागून गेल्या. पोरांचे गळे दिसेनात. तेव्हा न्या पेर्लानं नियम केला: कारखान्यात जोडपं दिसलं की दोघांतला एक घरी. तो कागद माझ्याच हातानं लिहिलेला, अक्षर चांगलं म्हणून. मला माणूस हवा होता आणि खुर्चीही हवी होती. दोन्ही ठेवायचं म्हणजे तोंड शिवून बसायचं, आणि मी बसले.

बरं, नुसतं गप्प राहून भागत नाही. संशय नको म्हणून मी त्याला सगळ्यांपेक्षा जास्त झापायची. “क्रिस्पिन, आज कापतोयस की झोपलायस?” पोरींना वाटायचं माझं त्याच्याशी वाकडं आहे. तो खाली मान घालून “हो, न्या ब्लासिदा,” म्हणायचा, आणि मला मनातून फार मजा यायची. त्याला येत होती का, हे मी कधी विचारलं नाही.

फेब्रुवारी आला. महिनाअखेरीला शाळा उघडणार, मापं गावोगावहून येतायत, घाम कापडावर पडू नये म्हणून पोरी कपाळाला फडकी बांधून बसलेल्या. अशात क्रिस्पिन माझ्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला.

“न्या ब्लासिदा, गुरुवारी एक दिवस सुट्टी हवी होती.”

“कशाला?”

“खासगी काम आहे.”

“खासगी काम मार्चमध्ये कर. शाळा उघडेपर्यंत इथे कुणालाच खासगी काही नाही.”

पोरी फिदीफिदी हसल्या. तो गेला. दुसऱ्या कुणी मागितली असती तर मी दिलीही असती अर्धा दिवस. पण तो माझा होता, म्हणून त्याला द्यायची सोय नव्हती. रविवारी तो आला, जेवला, सुट्टीबद्दल चकार शब्द काढला नाही. रुसलाय, रुसू दे, असं मी म्हटलं.

माझ्या अंगणात लिंबाच्या वासाचा पाला आहे, सेद्रोन. दर रविवारी मी त्याला आठवडाभराची जुडी बांधून द्यायची. कारखान्यात त्याच्या टेबलाजवळून गेलं की थर्मासमधून तो वास यायचा, आणि मला बरं वाटायचं. एवढंच काय ते माझं तिथे त्याच्यावर नाव. त्या सोमवारी मी गेले तर लिंबाचा वास नाही. कडवट, मातकट काहीतरी. झाकण उघडं होतं. आत बारीक कुटलेला कसलातरी हिरवा पाला तरंगत होता. आणि कारखान्यात खल एकाच बाईकडे.

अंगाची आग आग झाली. खुर्चीवर परत आले तर नोंदवहीतले आकडे दिसेनात.

मग मी बघायला लागले. सकाळी आल्याआल्या सुनिल्दा त्याच्या टेबलाशी थांबायची. हळू आवाजात काहीतरी विचारायची. आणि तो मुखदुर्बळ माणूस तिला उत्तर द्यायचा! चार-चार वाक्यं! एकदा तर दोघं हसले. तीन वर्षांत मला त्यानं हसवलं असेल ते बोटांवर मोजावं. मी इकडे हाताला येईल ते चुरगाळत बसले. खोटं कशाला बोलू, तिच्या हातावरून मशीन जावी असंही एकदा मनात आलं. लगेच क्रूस काढला छातीवर, पण आलं होतं.

काय काय केलं मी! तिला चार नंबरचे शर्ट दिले, बालवाडीचे, एवढीशी पट्टी आणि पाच काजं, डोळे फुटायची पाळी. तिनं गुणगुणत संपवले. तिची मशीन खिडकीजवळ हलवली, उजेड चांगला म्हणून. तर आता तो उठून तिच्याकडे जायला लागला. आणि आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे की गावाकडच्या काही बाया पाण्यातून माणूस बांधतात. वशीकरण. आम्ही पाये म्हणतो. मी शहाणीसुरती बाई, हिशेबवही सांभाळणारी, पण रोज तो कडवट वास नाकात गेला की मला वाटायचं, हेच ते. नाहीतर माझा पाला तो का फेकेल?

तिसऱ्या आठवड्यात फुटलं. कोरोनाच्या वर्षाआधी आमच्यात तेरेरेचा एकच शिंगाचा पेला आणि एकच नळी सगळ्यांत फिरायची. त्या वर्षानंतर ज्याचा त्याचा पेला, ज्याची त्याची नळी. आता एका नळीनं पितात ती नवरा-बायको, नाहीतर आई-लेक. तीन वर्षांत सगळ्यांसमोर क्रिस्पिनच्या नळीला तोंड लावायची माझी हिंमत झाली नव्हती. त्या मंगळवारी दहा वाजता, माझ्या डोळ्यांदेखत, सुनिल्दानं त्याच्या हातातला पेला घेतला, नळी ओठांत धरली, एक घोट ओढला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, “अजून कडू हवं.”

मी कधी उठले ते मला आठवत नाही.

“तोंड काढ त्या नळीवरून!”

मशिनी बंदच होत्या, त्यामुळे प्रत्येकीनं ऐकलं.

“काय झालं, न्या ब्लासिदा?”

“काय झालं विचारतेस? तीन आठवडे बघतेय मी. काय कालवतेस त्याच्या पाण्यात? स्वतःचा नवरा ब्वेनोस आयर्सला पळाला, आता दुसरीच्या माणसाला पाला पाजून बांधतेस?”

कुणीतरी ओव्हरलॉकजवळून विचारलं, “दुसरीच्या? कुठल्या दुसरीच्या?”

झालं. तीन वर्षं शिवलेलं तोंड एका वाक्यात उसवलं. सुनिल्दाचा चेहरा पांढरा पडला. तिनं क्रिस्पिनकडे पाहिलं. त्यानं किंचित मान हलवली, नाही म्हणून. मी तिला चोरटी म्हटलं, गावंढळ म्हटलं, अजूनही बरंच म्हटलं जे आता सांगवत नाही. ती हातात पेला धरून उभी. एका शब्दानं सुटली असती बाई. तो शब्द तिनं काढला नाही, कारण तिला सांगू नको म्हटलं होतं.

शेवटी क्रिस्पिननंच टेबलावर हात आपटला.

“ब्लासी, पुरे! मुतखडा झालाय मला. मुतखडा! त्याचा पाला आहे तो!”

अख्खा कारखाना हसायला लागला. मुतखड्याला हसले की ‘ब्लासी’ला, देव जाणे. पॅकिंगची पोरगी डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे तो रविवारचा नळ…” आणि पुन्हा हशा.

मी हसले नाही, तोही नाही.

“त्या गुरुवारी डॉक्टरनं बोलावलं होतं,” तो म्हणाला. “तू मार्च म्हणालीस.”

“मग रविवारी घरी आलास तेव्हा सांगायचंस ना!”

“कोणाला सांगणार होतो? तुला सांगितलं असतं तर इथली सुपरवायझर ऐकणार. आजारी कटर हंगामात कोण ठेवतं? मला कळेना, समोर नक्की कोण बसलंय.”

“आणि हिला सांगितलंस.”

“हिनं विचारलं, ब्लासी. मी टेबलाला धरून उभा होतो, घाम फुटला होता. हिनं विचारलं.”

मीही त्याच खोलीत होते. वीस पावलांवर, उंच खुर्चीत, जिथून सगळं दिसतं. तो टेबलाला धरून उभा असलेला मला दिसलाच असणार. आज किती थर झाले, एवढंच मी पाहिलं असणार. तेव्हा मला कळलं की त्यानं तिला जवळ घेतलं असतं तर मी सहन केलं असतं. एक दिवस रडले असते, दोघांना शिव्या दिल्या असत्या. पण दुखणं तिला सांगितलं, हे मला आजपर्यंत पचलेलं नाही.

आवाज ऐकून न्या पेर्ला बाहेर आल्या. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. “अक्षर तुझं आहे, ब्लासिदा. मी काय बोलू? कोण जातंय ते दोघं ठरवा.”

“मी जातो,” क्रिस्पिन म्हणाला.

आणि तेव्हा सुनिल्दा बोलली, पहिल्यांदा. “तो कसा जाईल? त्याचं ऑपरेशन नोकरीच्या विम्यावर आहे. नोकरी गेली की विमा गेला.”

हेही तिला माहीत होतं! विमा, तारीख, डॉक्टर, सगळं. मला धड हेही माहीत नव्हतं की त्याची कुठली बाजू दुखते.

“मी जाते,” मी म्हटलं.

सगळ्यांना वाटलं काय हे प्रेम. पॅकिंगची पोरगी पुन्हा डोळे पुसायला लागली, या वेळी खरोखर. तर ऐका, प्रेमाचा वाटा होता, नाही म्हणत नाही. पण ‘मी जाते’ हे मी सुनिल्दाकडे बघत म्हटलं. तू त्याला पाला दिलास काय, बघ मी काय देते. असं होतं ते. चौदा वर्षांची नोकरी मी तिला दाखवण्यासाठी सोडली, आणि दुपारी पर्स उचलून बाहेर पडले.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. मे महिन्यात आम्ही नोंदणी कचेरीत लग्न केलं. आता चोरून काही नाही, एका पेल्यानं, एका नळीनं पितो, अंगणात खुर्च्या टाकून.

आणि न्या पेर्लानं माझ्या जागी कोणाला बसवलं असेल? विचारूच नका.

एका शनिवारी सुनिल्दाच माझ्या दारात आली, गरम चिपाची, म्हणजे चीजच्या पावाची, पुरचुंडी घेऊन. उभीच होती. मीही लगेच बस म्हटलं नाही.

“न्या ब्लासिदा, बारा नंबरच्या कॉलरला अस्तर आडवं घ्यायचं की उभं? दोन दिवस झाले, कॉलर बसत नाहीये. दुसऱ्या कुणाला विचारू?”

कापलेली कॉलर तिनं पिशवीतून काढली. माझे हात आपोआप पुढे झाले. मी तिला आंब्याखाली बसवलं आणि दीड तास सगळं सांगितलं: अस्तर, मापांचे घोटाळे, कुठल्या शाळेची मुख्याध्यापिका बाही मोजते, कुठली पोरगी सोमवारी हमखास उशिरा येते. तिनं वहीत उतरवून घेतलं. निघताना मी विचारलंच.

“खरं सांग, तुला तो आवडत होता?”

“कोण, क्रिस्पिन? त्या मुक्याचं मी काय करू, न्या ब्लासिदा?” ती खदाखदा हसली, मग थांबली. “मला तर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं तुमचं. त्याच्या थर्मासला आणि तुमच्या थर्मासला एकाच झाडाचा वास होता.”

म्हणजे आठ महिने माझी नोकरी तिच्या मुठीत होती. एक शब्द टाकला असता तर खुर्ची रिकामी. तिनं टाकला नाही. मी चार नंबरचे शर्ट देत होते तेव्हासुद्धा नाही. ती गेल्यावर मी तो चिपा खाल्ला, चांगला झाला होता, आणि मला तिचा आणखीच राग आला.

हल्ली क्रिस्पिन सगळं सांगतो. पाठ दुखते, पोटात वायू धरलाय, काल स्वप्नात आजी आली. मी ऐकते. मग विचारते, “आज किती थर घातलेस? सोळा नंबरच्या शर्टांचं कापड आलं का?” तो म्हणतो, “घरी कामाचं काढू नको ग, ब्लासी. इथे तरी सुटू दे.” मी तव्यासारखी गरम होते आणि मंदिओकाचे कंद सोलायला घेते. शेजारणींची बटणं लावून देते, दिवस सरतो. दुपारी दहा-वीस बटणं झाली की हात थांबतात आणि चौदा मशिनींचा आवाज नाही हे ऐकू येतं.

रोज सकाळी सव्वासहाला तो मोटारसायकल काढतो. मी फाटकाशी उभी राहते. परवा त्यानं चावी लावता लावता माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“काय झालं? अजून सुनिल्दाच का?”

“हो,” मी म्हटलं. “सुनिल्दाच.”

तो हसला, त्याला बरं वाटलं, बायको अजून आपल्यासाठी जळते म्हणून. गाडी कोपऱ्यावर वळून कारखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मी बघत होते. मला जाळत होता तो हा माणूस, जो रोज तिथे जातो. पण माझ्याच नवऱ्याचा मला हेवा वाटतो, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगू?